चालक आनंदी आहे

मी आज जो काही आहे तो माझ्या पंचफुला आत्यामुळे आहे. आणि आमच्या कंपनीची नवी गाडी आज नापास होऊन शेडच्या कोपऱ्यात उभी आहे, तीसुद्धा आत्यामुळेच. पहिल्या गोष्टीबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे. दुसऱ्या गोष्टीबद्दल ऑफिसने माझ्याकडे खुलासा मागितला होता. खुलासा मी दिला. माफी मागितली नाही, आणि मागणारही नाही!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब हे आमचं गाव. आतोबा गेले तेव्हा मागे त्यांची पांढरी व्हॅन राहिली, शाळेची पोरं ने-आण करायची. सासरचे म्हणाले, "इकून टाक. बाई मानूस काय करते व्हॅनचं?" आत्यानं पदर खोचला, गाडी शिकली, आणि त्याच व्हॅनमधून सामानासकट माहेरी आली. मी दारव्ह्याच्या कॉलेजात गेलो तो त्याच व्हॅनमधून, पहिलीतली दोन पोरं मांडीवर घेऊन. इंजिनिअरिंगची फीसुद्धा त्या व्हॅननेच भरली. आमच्या घराण्यात माझ्याआधी डिग्री कोणी पाहिली नव्हती. ती हातात आली तेव्हा आत्यानं ती व्हॅनच्या पुढच्या काचेला चिकटवली आणि गावातून एक फेरी मारली. (काचेतून समोरचं काही दिसत नव्हतं. तरी कोणाला धक्का लागला नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.)

त्या डिग्रीवर मला पुण्यात नोकरी लागली. आमच्या कंपनीचं काम म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा तपासणं. समोरचा ट्रक फार जवळ आला की गाडी स्वतःच ब्रेक मारते, रस्त्यावरचा आपला पट्टा सोडला की टुंग टुंग वाजते, असला प्रकार. पूर्वी एवढंच बघत, की गाडी वेळेवर थांबली का? आमच्या विभागाचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. गाडी थांबली, पण आतला माणूस दचकून भलतीकडेच वळला, तर ती कसली सुरक्षितता? म्हणून यंत्रणा किती सुरक्षित आहे हे चालकाच्या भावनांवरून मोजायचं. समोरचा कॅमेरा चेहरा वाचतो, मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो, आणि पडद्यावर एक गोल चेहरा दिसतो. शांत असेल तर हिरवा, चिडला तर पिवळा, फारच बिघडला तर लाल.

यातच एक युक्ती माझी होती. चालकाच्या भावना अगदी अनावर झाल्या, तर गाडीनं हळूहळू बाजूला थांबावं. आणि चालकाच्या जागेवर प्रसन्न चेहरा दिसेपर्यंत जागची हलू नये. 'प्रसन्न' हा शब्द माझा. मीटिंगमध्ये त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. (टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकही जण पुढे जे घडलं तेव्हा मारेगावला नव्हता.)

अशात एके दिवशी आत्याचा फोन आला.

"सुमेध, तुह्या कंपनीत कागद भेटते काय बे?"

"कशाचा कागद?"

"का मले गाडी चालवता येते म्हनून!"

झालं होतं असं, की शाळेच्या सेक्रेटरींनी तिला बोलावून सांगितलं होतं, "पंचफुलाबाई, आता तुमचं वय झालं. पुढच्या सत्रापासून पोरं नव्या बसनं येतील. तुमच्या ड्रायव्हिंगचा भरोसा देणारा एखादा मोठ्या जागचा कागद असल तर आना, मंग पाहू." आत्याची व्हॅन म्हणजे आत्याची भाकर. भाकरीचं तिला फारसं नव्हतं. "वय झालं" हे तिला जास्त लागलं होतं.

"भेटते," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या खात्रीनं मी इतकं चुकीचं उत्तर परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

पण माझाही हिशेब सरळ होता. आमच्या विभागाला गावाकडचे, मुरलेले चालक चाचणीला हवेच होते. मी रिद्धिमा मॅडमना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना सांगितलं, "मॅडम, माझी आत्या. आजपर्यंत एक अपघात नाही." मॅडम खूश झाल्या. मी चाचणीची गाडी घेऊन थेट बोरी अरबला आलो. आत्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला पायानं ठोकर देऊन पाहिली, आत बसली आणि चावी फिरवायला जागा शोधू लागली.

"नमस्कार! आपला प्रवास सुखाचा होवो," गाडी म्हणाली. आवाज बाईचा, अगदी गोड, अगदी शुद्ध.

आत्या दचकली. "मांगं कोन बसली हाय?"

"कोणी नाही, आत्या. गाडी बोलते."

"दिवसभर?"

"गरज पडली तर."

"मंग ही बया गरज नसतानाच बोलनार," आत्या म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरी त्या यंत्रणेचं नाव बया पडलं.

चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी, बोरी ते दारव्हा, एवढीच ठरली होती. पण सकाळीच निरोप आला, मारेगावची गिरजामाय गेली. गिरजामाय म्हणजे आत्याची चुलत सासू. नव्वदीच्या पुढची, दात नाही, पण बोलणं शेवटपर्यंत धारदार. तिची सून कांताबाई, आणि कांताबाईचा आणि आत्याचा जुना उभा दावा. आत्या व्हॅन शिकली तेव्हा याच कांताबाईनं भर लग्नात म्हटलं होतं, "नवरा गेला अन् हिले ड्रायव्हर व्हाची हौस आली." तेव्हापासून आत्यानं त्या घरचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं.

मला वाटलं, आता चाचणी रद्द. आत्या पांढरी साडी नेसून बाहेर आली.

"चाल. तुही परीक्षा रस्त्यातच घे. मले मयतीले जा लागते अन् गाडी दारात उभी हाय."

"आत्या, ही कंपनीची गाडी आहे!"

"मंग कंपनीले काय नातेवाईक नसतात?"

बाबा आधीच पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. मी मागे लॅपटॉप उघडून बसलो. मारेगाव म्हणजे यवतमाळ ओलांडून पार वणीच्या वाटेवर. म्हणजे भरपूर माहिती मिळणार, असा विचार मी केला. (पदवीधर माणूस तोट्यातही माहिती शोधतो.)

अर्धा रस्ता तर सोन्यासारखा गेला. बाबा झोपले. आत्या गिरजामायच्या गोष्टी सांगत होती. मायनं एकदा तलाठ्याला काठी घेऊन कसं पळवलं, मायनं कांताबाईच्या हातचं वरण कसं म्हशीला ठेवलं. आत्या हसत होती, पडद्यावरचा चेहरा हिरवागार होता, गाडी पट्ट्यातून सुतभर हलत नव्हती. मी मनातल्या मनात आत्याचा कागद टाइप करायला लागलो होतो.

करंजीच्या पुढे कोळशाचे ट्रक लागले. राजूरकडून येणाऱ्या एका ट्रकनं दुसऱ्याला ओलांडायला तोंड बाहेर काढलं. आत्यानं वेग कमी करायला पाय उचलला, त्याच्या आधीच गाडीनं कच्चकन ब्रेक मारला. बाबांचं कपाळ समोर आपटलं.

"माह्या पायाखालचा ब्रेक कोनं दाबला?" आत्या कडाडली.

पडदा पिवळा. "आपण चिडलेल्या आहात," बया म्हणाली. "एक दीर्घ श्वास घ्या."

"तू घे! सकायपासून बोलून राह्यली, तू श्वास कवा घेते वं?"

"आपल्याला विश्रांतीची गरज आहे का?"

"सुमेध, हिले उतरव."

"ती उतरत नाही, आत्या."

"मंग मी बोलीन ते हिले ऐका लागते." आणि पुढे सगळा रस्ता तिनं बयेला ऐकवलं. मला वाटतं, मारेगाव येईपर्यंत बयेलाच विश्रांतीची गरज होती.

आता मारेगावात शिरताना काय झालं ते सांगतो. आमच्याकडे मयतीला गेलेली बाई घरात जाऊन रडायला लागत नाही. ती गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत येते. त्या हेलावरून घरातल्यांना कळतं की कोण आलं, कुठलं आलं, किती जवळचं आलं. बाई कोरड्या तोंडानं दारात आली, तर पुढच्या चार लग्नांत तिचा विषय निघतो. हे रडणं खोटं नसतं. पत्राला जसा मायना, तसा मयतीला हेल. मी हे जन्मापासून पाहत आलो आहे. फक्त त्या दिवशी मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो.

गल्ली आली. आत्यानं एका हातानं पदर डोक्यावर घेतला. खाकरली. बाबा झोपेतून सवयीनं उठले आणि रुमाल काढून बसले. आणि आत्यानं गळा काढला.

"अवं माय वं! गिरजामाय वं! कोठी गेली वं मले सोडूनऽऽ... सुमेध, तिकडचा आरसा दुमड, बैल येऊन राह्यला... तुह्यासारखं कोन बोलीन वं मायऽऽ... बापू, बाजूनं घे रे सायकल... आता कोनाच्या तोंडाकडे पाहू वं मायऽऽ!"

काय ते रडणं! आणि काय ते ड्रायव्हिंग! एकीकडे डोळ्यांतून धारा, दुसरीकडे त्या अरुंद गल्लीत बैल, सायकल आणि वाळत घातलेल्या तुरीच्या मधून गाडी अशी सरळ चालली होती की दाणा हलला नाही.

पडदा लालभडक झाला.

"आपण तीव्र दुःखात आहात," बया म्हणाली. "काळजी करू नका. गाडी सुरक्षित ठिकाणी थांबत आहे."

गाडीनं सुरक्षित ठिकाण शोधायला तोंड डावीकडे वळवलं. त्या गल्लीला डावीकडे फक्त भिंत होती. मग गाडीनं विचार बदलून उजवीकडे वळवलं. तिकडे नाली. शेवटी ती गल्लीत बरोबर आडवी झाली, पुढचं तोंड भिंतीला आणि मागचं नालीला, आणि दिवे लुकलुकवत बंद पडली. आणि त्याच क्षणी गिरजामायच्या दारातून मंडळींनी माय खांद्यावर उचलली.

रस्ता एकच. त्यात आम्ही आडवे.

हेल एकदम थांबला. आत्यानं पाय दाबले, बटणं दाबली, स्टिअरिंग हलवलं. तेव्हा पहिल्यांदा तिचा चेहरा खरोखर घाबरला.

"सुमेध... मी कायी नाही केलं."

"मला माहीत आहे, आत्या."

"मंग हे काहून थांबलं?"

मी घाम पुसला. "आत्या, तू रडलीस ना, म्हणून. आता... तुला थोडं हसावं लागेल."

"काय?"

"प्रसन्न चेहरा दिसल्याशिवाय गाडी हलत नाही."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पडद्यावरचा लाल रंग आणखी एक छटा गडद झाला. "मयतीत हासू? कांताच्या दारात? उद्या मी तोंड दाखवू कोठी? मी रडाले आली, मी रडूनच जाईन! हे डोकं कोनाचं?"

मी खोकलो. (काही प्रश्नांना खोकला हेच उत्तर असतं.)

खांदेकरी आमच्यापर्यंत येऊन थांबले. मागे सगळं गाव. दोन-चार जणांनी गाडी ढकलून पाहिली, चाकं जाम. गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "गिरजीनं जिंदगीत कोनाले रस्ता देला नाही, आज तिलेच भेटून नाही राह्यला."

मी पुण्याला फोन लावला. यंत्रणा बाहेरून मोकळी करायची असेल तर मॅडमच करू शकत होत्या.

"मॅडम, चालक रडतोय आणि गाडी थांबली आहे."

"का रडतोय? काय झालं?"

"मयत झालं आहे, मॅडम."

पलीकडून बारीक आवाज आला. "सुमेध... आपल्या गाडीनं?"

"नाही नाही! नव्वदीच्या होत्या!"

"नव्वद वर्षांची बाई रस्त्यावर काय करत होती?"

"रस्त्यावर नव्हती, मॅडम! म्हणजे आत्ता आहे. आमच्या गाडीच्या समोर आहे..."

"तू कोणाशी काही बोलू नकोस! मी वकिलांना घेते!" आणि फोन बंद. पुन्हा लावला तर व्यस्त. वकिलांशी बोलणं चालू असणार.

मग गावातल्या लोकांनी उपाय सुरू केले. बाबा म्हणाले, "ताई, उतर, मी बसतो." बाबा बसले. कपाळावर टेंगूळ, पोटात सकाळपासून काही नाही. "आपण चिडलेले आहात," बया म्हणाली. "मंग काय नाचू?" बाबा म्हणाले. मग गावचे पोलीस पाटील बसले, "आपण थकलेले आहात." ते म्हणाले, "हे बरोबर सांगून राह्यली," आणि बसूनच राहिले, त्यांना उतरवावं लागलं. मी गर्दीकडे पाहिलं. त्या गावात त्या क्षणी पूर्ण शांत, प्रसन्न चेहरा एकच होता, आणि तिच्याकडे लायसन नव्हतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि कांताबाई आली. केस मोकळे, डोळे सुजलेले. आत्या गाडीला पाठ लावून उभी होती. दोघी इतक्या वर्षांनी समोरासमोर.

"हास ना वं एकडाव!" कांताबाई म्हणाली. "माह्या सासूले उनात ठेवशील काय?"

"अन् उद्या तूच गावोगाव सांगशील, पंचफुला मयतीत हासत होती."

"नाही सांगत."

"भर लग्नात बोलली होती ते काय कमी होतं?"

"अवं ते सोड ना आता! तू ड्रायव्हर ना? मंग गाडी काढ!"

"आता ड्रायव्हर म्हनते! इतके वर्स लागले बाप्पा तुले!"

हा वाद आणखी पुढे गेला असता, पण मी पुढे झालो. मी इंजिनिअर. यंत्रणा माझी. चेहरा कसा ठेवायचा हे मला नाही तर कोणाला ठाऊक? मी ऐटीत चालकाच्या जागेवर बसलो, पट्टा मनगटाला बांधला, आणि कॅमेऱ्याकडे अगदी शांत, संयमी, उच्चशिक्षित चेहरा केला.

"आपण घाबरलेले आहात," बया म्हणाली.

आवाज मोठा होता. खिडक्या उघड्या होत्या.

मी खांदे सैल सोडले. ओठांवर किंचित हसू आणलं.

"आपण खूप घाबरलेले आहात."

मी बत्तीशी दाखवली.

"आपण अत्यंत भयभीत आहात. आपण एकटे नाही. आपल्या जवळच्या मोठ्या व्यक्तीला बोलवा."

खांदेकऱ्यांपैकी एकानं दुसऱ्याला विचारलं, "हा पुन्याले काय करते?" दुसरा म्हणाला, "गाडी सांगून राह्यली ना... भेते."

आणि मागून एक आवाज आला. आधी नाकातून, मग पोटातून. आत्या! तिनं तोंडात पदर कोंबला होता, पण खांदे गदगदत होते. माझ्या बत्तीशीकडे पाहून ती हसत होती. आणि तिच्या शेजारी, गिरजामायची सख्खी सून, कांताबाई, तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून हसत होती. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, दोघी गळ्यात पडून रडत आहेत. (लांबच्यांना तसंच वाटलं. पुढे गावात याच रडण्याची तारीफ झाली.)

"बस! बस! हासतच बस!" कांताबाईनं मला दंडाला धरून बाहेर ओढलं, आत्याला आत लोटलं आणि स्वतः बाबांच्या जागेवर चढली. मी कसाबसा मागे शिरलो.

पडदा लाल... पिवळा... हिरवा.

"चालक आनंदी आहे!" बया सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आपला प्रवास सुखाचा होवो!"

आत्यानं भिंत आणि नाली यांच्यामध्ये गाडी पुढे-मागे करत गल्लीच्या तोंडाकडे वळवून सरळ केली. पण गल्ली अरुंद, बाजूला व्हायला जागा नाही. पुढे जाणारी वाट एकच, आणि तीच अंत्ययात्रेची. त्यामुळे आमची गाडी सगळ्यांच्या पुढे! मागे गिरजामाय, तिच्यामागे गाव. आणि आत्याला माय आठवून जरा गलबललं, की पडदा पिवळा व्हायचा आणि गाडी गचके द्यायची.

"हास वं, हास!" कांताबाई डोळे पुसत म्हणायची. "ऐक, एकडाव मायनं माह्या वरनाचं काय केलं..."

"माहीत हाय! म्हशीले ठेवलं!"

"म्हशीनंही नाही खाल्लं वं!"

अशा रीतीनं, पुढे खिदळणाऱ्या दोन बाया आणि मागे रडणारं गाव, असे आम्ही चौकापर्यंत आलो. तिथे आत्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरली, आणि जिथून हेल तुटला होता बरोबर तिथूनच पुन्हा उचलला. या वेळी कांताबाईचा हात धरून. संध्याकाळी त्या घरात कांताबाईनं पाण्याचा गिलास पुढे केला आणि आत्यानं तो घेतला. गटागटा प्यायली. मी उगाचच दुसरीकडे पाहिलं.

पुण्याला परतलो तर अहवाल माझ्या आधी पोचला होता. (वकीलही. त्यांना चहा देऊन परत पाठवलं.) अहवालात आत्याच्या नावापुढे यंत्रणेनं छापलं होतं, 'भावना अनावर. चालक अयोग्य.'

हा कागद सेक्रेटरीच्या हाती पडला तर? आणि मग, का कोण जाणे, राग आला. मीटिंग भरली तेव्हा मी उभा राहिलो. (तिथे सगळे बसूनच बोलतात. पण आमच्या शाळेत उत्तर द्यायचं तर उभं राहायचं, ती सवय गेलेली नाही.)

"मॅडम, परीक्षा कोणाची होती? आत्याची की गाडीची?"

"गाडीची. पण सुमेध, बाई ओक्साबोक्शी रडत गाडी चालवत होत्या."

"मग नाडी बघा, मॅडम. हेल काढताना नाडी कशी आहे? घरी चहा पिताना असावी तशी. गाडी पट्ट्यात सरळ आहे. बैल वाचला, सायकल वाचली, आरसा वाचला. आता नाडी उसळली कुठे ते बघा."

मॅडमनी आलेखावर बोट फिरवलं. बोट थांबलं. नाडी उसळली होती ती बरोबर गाडी आडवी झाली त्या क्षणी.

"म्हणजे," मी म्हणालो, "रडेपर्यंत चालक सुरक्षित होता. आपली मदत मिळाल्यावर असुरक्षित झाला. चालकाच्या भावनांवरून यंत्रणा मोजायची, असं आपणच म्हणतो ना? मग मोजा! आत्या अयोग्य नाही. यंत्रणा अयोग्य आहे!"

कोणीतरी म्हणालं, "पण चेहऱ्यावर तर दुःख होतं."

"चेहऱ्यावर दुःख होतं, हातात गाडी होती," मी म्हणालो. "आमच्याकडच्या बायका दोन्ही एकदम करतात. आपल्या यंत्रणेला ते येत नाही, हा आमच्या बायकांचा दोष नाही!"

मॅडमनी मान हलवली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता टाळ्या. "आणि प्रसन्न चेहऱ्याशिवाय गाडी हलू नये, ही कल्पना कोणाची होती?"

मी तोवर खाली बसलो होतो.

गाडी नापास झाली. आत्याच्या नावापुढचा शेरा काढला. पण मी तिच्या कागदाची गोष्ट काढली तेव्हा मॅडम म्हणाल्या, कंपनी माणसांना प्रमाणपत्र देत नाही. मी आत्याला फोन केला. ती लगेच म्हणाली, "मंग तू लेह. कंपनीनं थोडी तुले शिकोलं? अन् लेहून पाठव, सेक्रेटरीले तोंडी सांगतलेलं समजत नाही."

मी लिहिलं ते असं:

*आदरणीय आत्या,*

*सप्रेम जय भीम.*

*हे पत्र आधी तू वाच, मग सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर ठेव आणि ते वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहा.*

*तुला हवा होता तो कागद मिळाला नाही. कंपनी म्हणते, आम्ही गाडीची परीक्षा घेतो, माणसाची नाही. म्हणून गाडीचा निकाल कळवतो. गाडी नापास. तू चालवत होतीस तोवर सगळं नीट होतं. तुला मदत करायला गेली आणि आडवी झाली.*

*मी, खाली सही करणारा, माझ्या जबाबदारीवर लिहून देतो की मी लहानपणापासून पंचफुलाबाईंच्या गाडीत बसलो आहे. त्या हसत चालवतात, रडत चालवतात, भांडत चालवतात. शाळेच्या सेक्रेटरीला शिव्या देतही चालवतात (हे वाक्य टेबलावर ठेवण्याआधी खोडून टाक). पण पोरगं जिथून उचललं तिथे परत पोचवतात. त्यांचं वय झालं असेल, तर ते रस्त्यावर झालं आहे. नव्या बसमध्ये बया बसवली असेल, तर साहेबांनी एकदा मारेगावला कांताबाईंना फोन करून चौकशी करावी.*

*सहीखाली मुद्दाम डिग्री लिहितो आहे. ती तुझ्याच व्हॅनमधून आली आहे, आणि इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तिचा काहीतरी उपयोग होतो आहे असं मला वाटतं.*

*तुझा,*
*सुमेध, बी. ई.*

*ता. क. माझी नोकरी राहिली का, असं तू विचारलंस. राहिली. यंत्रणेला आता 'भयभीत चालक' नीट ओळखायला शिकवायचं आहे, आणि त्यासाठी माझाच चेहरा निवडला आहे. मला काही करावं लागत नाही, नुसतं बसायचं. काल तर रजा मंजूर झाल्याच्या आनंदात बसलो होतो, तरी बया म्हणाली, "आपल्या जवळच्या मोठ्या व्यक्तीला बोलवा." म्हणून हे पत्र तुला.*